साठ काउंटचं गाणं

भद्रावती पेठेत आमचं घर म्हणजे
पुढं चार माग, मागं आम्ही.
खटक्‌-खट, खटक्‌-खट, रात्रपाळीलासुद्धा.
त्यातच जेवायचो, भांडायचो, पाढे म्हणायचो
एकमेकांच्या ओठांकडं बघत.

नायनांच्या कानांत तीस वर्षं माग चालले,
मग आत काहीच चालेना.
तरी कुठला माग बिघडतोय
ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं,
लाकडावर तळवा ठेवून.

सोमवारी आमच्या भागात वीज नसायची.
माग थांबले की घर एवढं मोकळं व्हायचं
की शेजारच्या यल्लव्वाची कात्री ऐकू यायची,
विडीच्या पानाची कड कापताना.
त्या दिवशी नायना फळीवरचा रेडिओ काढायचे,
पंचानं त्याच्यावरचं तूस पुसायचे,
पत्र्यावर उन्हात तापवून जिवंत केलेले सेल घालायचे
आणि मला हाक मारायचे.
विनु, म्हणायचे. ऐक.
स्वतः मांडी घालून, तळवा रेडिओच्या पाठीवर.

काय चाललंय?
बाई गातीय.
कशी?
चांगली.
चांगली म्हणजे काय? सूत चांगलं म्हणजे
विसाचं का चाळिसाचं?

मी आठ वर्षांची. काय सांगणार?
पुढच्या सोमवारी मात्र कान देऊन बसले.
साठाचं आहे, नायना.
आता तुटेल असं वाटतंय, पण तुटत नाही.
ते हसले. सुपातनं मान वर करून अम्माही हसली,
आणि तिच्या हातातली विडी उलगडली.

मग मला नादच लागला.
तान आली की सांगायचे :
कांडी हातातनं सुटली, घरंगळत कपाटाखाली गेली,
आणि आपोआप वर आली!
सारंगीला : कुणीतरी रडून झाल्यावर पाणी पितंय.
तबल्याला श्रीशैल मध्येच ओरडायचा,
टॉवेल झटकतायत, ओला टॉवेल!
एकदा सूर कुठं बदलला ते मला सापडेना.
गाठ दिसत नाही, म्हटलं,
पण रंग दुसराच झालाय.
नायना बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
असं विणणारा एकच माणूस बघितला होता मी,
वारला तो.

गायला कुणी शिकवलं नाही.
पेटी नव्हती, गुरुजी नव्हते,
आणि माझा आवाज, खरं सांगते, फाटक्या बॉबिनचा.
नायनांनी कधी म्हटलं नाही, गाऊन दाखव.
एवढंच विचारायचे, कसं होतं?
आणि चुकीचं काही सांगितलं तर
त्यांना कळायचंच कसं?
तरीही मी कधी खोटं सांगितलं नाही.
नाही, एकदा सांगितलं.
सेल संपले होते आणि गाणं अर्ध्यात विझलं,
तर उरलेलं मीच रचून सांगितलं.
त्यांचा तळवा रेडिओवरच होता.
काही बोलले नाहीत.

माग भंगारात गेले त्याला आता नऊ वर्षं झाली.
घरात रोजच सोमवार.
श्रीशैलनं पुण्याहून कानाचं मशीन आणलं,
वाटाण्याएवढं, किंमत मात्र मागाएवढी.
नायनांनी ते घालून पूर्ण एक गाणं ऐकलं.
कपाळाला आठ्या घालून.
मग काढलं, रुमालात गुंडाळलं,
म्हणाले, पत्र्याच्या डब्यात कुणीतरी बोलतंय.
तू सांगायचीस ते जास्त चांगलं होतं.
श्रीशैलचं तोंड उतरलं. मी चहा ठेवायला उठले.

आतनं ऐकलं, माझा पोरगा सहा वर्षांचा,
आजोबांच्या मांडीला टेकून, त्यांच्या ओठांसमोर ओठ नेऊन,
मोठ्यानं :
तातय्या, कुणीतरी जिना उतरतंय. चपला हातात घेऊन.

किती पायऱ्या?

थांबा ना,
अजून उतरतंय.