शेरा

पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात
अखिला येमूल, इयत्ता दुसरी, हिच्या नावापुढे
मी लिहिलं होतं : घरी लक्ष द्यावे.
त्रेचाळीस पुस्तकं होती त्या दुपारी,
सव्वीस जणांना हाच शेरा.
हात आपला चालत होता.

पुढचं अखिलानंच सांगितलं, खिचडीच्या रांगेत.
विडी घरकुलात, दारातल्या उजेडाला
आई सूप मांडीवर घेऊन बसलेली.
म्हणाली, वाच, बाईंनी काय लिहिलंय.
अखिलानं वाचलं :
"मुलगी फार हुशार आहे आणि रोज शाळेत येते."
आईचा दोरा बोटावरच थांबला.

राजमणीला अक्षर येत नाही,
मराठीही बाजारापुरती.
पण पंचविसाच्या कट्ट्यात चोवीस असल्या
तर उचलताच कळतं तिला.
पुस्तक ओढून तिनं
तंबाखूच्या बोटानं शब्द मोजले.
"इथं तीन आहेत. तू आठ कुठून आणलेस?"

मार बसला नाही.
दुसऱ्या दिवसापासून एवढंच,
संध्याकाळी सुपाशेजारी पुस्तक.
अखिलानं शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणायचं,
आईनं पान वळायचं.
शब्द गाळला की कातर पत्र्यावर ठक्क.
मळ्ळी चदुवु. पुन्हा वाच.
मग अर्थ विचारायची, तेलुगूत,
आणि अखिलाला तो सांगावाच लागायचा,
कारण आईला खरोखरच ठाऊक नसायचा.

त्या महिन्यात कारखान्यात
राजमणीची छाट जरा जास्त निघाली म्हणे.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.

जानेवारीत कधीतरी माझ्या ध्यानात आलं,
ही मुलगी आता जोडाक्षराला अडत नाही.
थांबते, श्वास घेते, ओलांडते,
दारापुढची गटार ओलांडावी तशी.
मी काय वेगळं शिकवलं होतं? काही नाही.

एक मे. निकाल.
सकाळी नऊलाच पत्रे तापलेले.
आदल्या रात्री तिच्या पुस्तकापाशी
मी पेन उघडून बसले होते, शाई सुकेपर्यंत.

राजमणी आली, पदरानं मान पुसत.
मला काही विचारलं नाही.
शेऱ्यावर बोट ठेवलं आणि
ओठ हलू लागले.
मी बघत राहिले त्या ओठांकडे,
माल टाकून ती तपासनिसाकडे
बघत असेल, तशी.

सात.

बोट तिथंच ठेवून ती लेकीकडे वळली :
"चदुवु."