प्रश्न एकतीस

बाळ्ळीच्या त्या घरात मला हवी होती सून.
वय पंधरा ते एकोणपन्नास, अट छापलेली.
अंगणात काजूची बोंडं, आंबूस वास, माश्या.
आत टीव्हीचा आवाज मीच वाढवायला सांगितला,
आपलं बोलणं भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून.

अठ्ठ्याऐंशी म्हणजे माहीत नाही.
नव्याण्णव म्हणजे उत्तर दिलं नाही.
संज्योतच्या पानावर नव्याण्णवांची रांग.
एकतिसाव्याला तर ती हसलीच.
मनात नसताना कधी...?
मी वाक्य पुरं वाचलं, प्रशिक्षणात शिकवल्यासारखं,
एका पट्टीत.
ती नाइटीच्या बाहीने टेबल पुसत राहिली,
कोरडं टेबल.

ओट्यावर चपला घालत होते
तर दुर्गें वेळीप हात धुऊन आली. सासू.
नखांत अजून बोंडांचा चीक.
"म्हाका विचार."
वय किती, मावशी?
"साठ जातलीं."
मग नाही हो चालत, म्हटलं,
एकोणपन्नासच्या वर नाही घेत आम्ही.
"तेन्नाय कोणें विचारूंक ना," ती म्हणाली
आणि पायरीवर बसली,
जणू अर्ज मंजूर झाला.

पणजीत हे पान कुणी मोजणार नव्हतं.
तरी मी कोरी बाजू उलटली.
ती लग्नाच्या आदल्या आठवड्यापासून सुरू झाली,
मध्येच कोंबडी हाकलली,
मध्येच मेलेल्या नवऱ्याला एकेरीत शिवी दिली.
कुठल्याशा वाक्याला माझ्या लक्षात आलं,
टीव्ही बंद आहे.

दारात संज्योत.
"म्हजें तें एकतीस," तिने विचारलं,
"पेनान बरयलां काय पेन्सिलीन?"