अनुभव : नाही

एकशे बारा अर्ज, जागा सहा.
मार्चमधला बर्फ रस्त्याकडेला काळपट पडलेला,
मेरिमॅक नदी अर्धी गोठलेली, अर्धी कामावर.
लोवेलच्या या जुन्या कापडगिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आता आमच्या नाट्यगृहाचं ऑफिस.
हीटर खोकतो. डेल्फीन कॉफी ओतते.
मी गुण देते आहे.

उन्हाळ्यातले दहा आठवडे. कला-व्यवस्थापन. विद्यार्थ्यांसाठी.
आणि यंदा पहिल्यांदाच, मानधनासहित.
हा एक शब्द जाहिरातीत छापून आणायला
आमची चार वर्षं गेली, आणि तीन विश्वस्त.

अर्ज त्रेसष्टावा. सोफानी केओ.
कम्युनिटी कॉलेज, दुसरं वर्ष, विषय अकाउंटिंग.
आला शेवटच्या रात्री, अकरा वाजून छप्पन्न मिनिटांनी.
कलासंस्थेतल्या कामाचा अनुभव?
तिनं लिहिलंय : नाही.
वीसपैकी तीन, मी लिहिलं. पेन्सिलीनं.

बाकीच्यांचा अनुभव भरघोस.
बॉस्टनची गॅलरी, न्यूयॉर्कचा महोत्सव,
एकानं तर व्हेनिसला पाहुण्यांच्या छत्र्या सांभाळल्यात.
सगळं बिनपगारी.
घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या
तर आधी घरी पीठ लागतं.
माझ्या घरी होतं. बावीस वर्षांपूर्वी
मी पाकिटं चिकटवत, पाहुण्यांचे कोट टांगत
धडपडून वर आले,
असं मी नव्या मुलांना सांगते, आणि सांगताना
दर महिन्याचा वडिलांचा चेक गाळते.

अर्जाच्या तळाशी एक चौकट असते :
आणखी काही सांगायचं आहे का?
तिथं लोक स्वप्नं लिहितात.
सोफानीनं लिहिलंय :

"मावशी नाच शिकवते. चर्चच्या तळघरात, शनिवारी.
हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
खुर्च्या एकशे चाळीस, नऊ मोडक्या.
मोडक्या मी मागच्या रांगेत भिंतीला टेकवून लावते,
म्हणजे कुणी पडत नाही.
एप्रिलमध्ये आमचं नवं वर्ष. तेव्हा
पार्किंगवाल्याशी बोलणं, अग्निशमनवाल्यांचा परवाना,
प्रॉव्हिडन्सहून येणाऱ्या ढोलवाल्याचं पेट्रोल,
आणि ते पैसे कुठल्या डब्यातून काढले
ते वहीत लिहिणं, हे माझं.
पोशाख नाचणारीच्या अंगावरच शिवावा लागतो.
मग मुली पाणी पीत नाहीत,
कारण बाथरूमला जायचं तर सगळं उसवावं लागेल.
म्हणून कार्यक्रम उशिरा सुरू झालेला मला चालत नाही.
हे अनुभवात धरतात का, मला माहीत नाही.
उन्हाळ्यात मी गोदामात रात्रपाळी करते.
तुमचे पैसे दर आठवड्याला मिळतात, की शेवटी?"

"जरा रोखठोकच आहे," डेल्फीन म्हणाली.
मी म्हटलं, पण उत्तर काय आपलं?
दोघींनाही माहीत नव्हतं.
फाइल काढली. पान अकरा, खालून दुसरी ओळ.
शेवटी. एकरकमी. सप्टेंबरात.
चार वर्षं बैठका घेतल्या, शब्दाशब्दावर भांडलो,
आणि हे कुणी विचारलंच नव्हतं.
गोदाम दर शुक्रवारी पैसे देतं.

रबर सापडेना.
मी तीनच्या पुढे काहीतरी गिरवलं,
मग फोन उचलला. शिफारस म्हणून
मावशीचा नंबर होता. चन्था केओ.
मागे शिवणयंत्र चालू.
मुलगी कशी आहे कामाला, मी विचारलं.
बराच वेळ यंत्रच बोललं.
मग ते थांबलं.

"दहा आठवडे?"

हो.

"शनिवारी पण?"

कधीकधी.

आणि मग आवाज खाली नेऊन,
जणू मी तिच्या घरातलं काही उचलून नेत होते,

"मग किल्ल्या कुणाकडे?"