आकसणीची पट्टी

उद्या अकराला बाहेरचे परीक्षक येणार.
दहा मिनिटं माझी, पाच त्यांची.
चार वर्षांची घडी घालायची
भाकरीच्या फडक्यासारखी,
आत ऊब राहील अशी.

राजारामपुरीत प्रिंटवाल्याकडं रांग.
पुढच्या पोराचा तांबडा विटकरी आलाय.
काउंटरवर दोन्ही हात टेकून तो म्हणतोय,
"दादा, माझं अख्खं वर्ष आहे ह्या तांबड्यात."
प्रिंटवाला कागद सारखे करत,
"मशिनीला काय माहीत, भावा."

निवेदन दीडशे शब्दांत हवं.
मी लिहिलं: माझं काम स्मृती आणि अवकाश यांचा
आणि तिथंच अडले.
अवकाश कुठला?
उद्यमनगरातलं आमचं शेड, बारा बाय अठरा,
त्यात निम्मा बँडसॉ,
उरलेल्यात आबा, त्यांचा रेडिओ, सागाचा भुसा.

आबा फौंड्रीचे प्याटर्न करतात.
लाकडाचा पंप, लाकडाची पुली, लाकडाचं गिअरबॉक्स.
वाळूत दाबून ठसा घेतात, मग लोखंड ओततात.
लोखंड गावोगाव जातं,
प्याटर्न परत येतो, अंगभर काळा होऊन,
फळीवर बसतो.

त्यांच्याकडं एक स्टीलची पट्टी आहे.
तिच्यावरचा इंच इंचापेक्षा जरा मोठा.
सातवीत मी तिनं त्रिकोण काढला
आणि मुल्ला बाईंनी फुली मारली.
घरी रडत आले तर आबा हसले,
"लोखंड निवताना आकसतंय, पोरी.
आधीच वाढवून धरायचं.
म्हंजे निवल्यावर बरोबर बसतंय."

माझे एकवीस नग त्याच पट्टीनं मोजलेत.
दाराची कडी, आईच्या मशीनचा पायटा,
केएमटीतला धरायचा दांडा,
गोठ्यातली खुंटी, माझ्या दातांची कवळी
(ती आठवीत बसवली होती, सहा महिन्यांत हरवली).
शंभराला एक वाढीव.
डोळ्याला कळत नाही.
हात लावला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं,
मूठ पूर्ण मिटत नाही.

तांबवेकर सर म्हणाले, पट्टी पहिल्याच स्लाईडवर घे.
घेतली. काढली. परत घेतली.
चाळीस स्लाईडच्या सव्वीस झाल्या,
सव्वीसच्या अकरा.
सांगायचं ते निवत चाललंय,
आणि मी वाढवून धरायला विसरले होते.

रात्री नऊ. हॉलमध्ये ओल्या पांढऱ्या रंगाचा वास.
नाझनीन पाणसळ धरून माझ्या फळीला शिव्या देतेय.
कुणीतरी पार्सल मिसळ आणली,
नग क्रमांक चारच्या लेबलवर
कटाचा थेंब पडला.

आबा आले. कानामागं पेन्सिल, भुवयांत भुसा.
भिंतीवरचं निवेदन वाचलं नाही.
एकेक नग हातात घेऊन
अंगठा कडेवरनं फिरवत गेले.
सतराव्याला थांबले.
"हितं ड्राफ्ट कमी पडलाय.
वाळूतनं काढताना कड फुटंल."
म्हटलं, आबा, हे वाळूत जाणारच नाही.
"मग कुठं जाणार?"

नाझनीन पाणसळीतल्या बुडबुड्याकडं बघत राहिली.
मी तयारी केली होती
माध्यम का निवडलं, प्रेरणा कुठली,
पुढं काय करणार, ह्या सगळ्याची.
ह्याची नव्हती.
आबांनी उत्तराची वाटही बघितली नाही.
शेवटचा नग जागेवर ठेवला, जरा तिरका,
आणि हॉटेलवाल्यासारखं विचारलं,
"जेवलीस का?"

आता दीड वाजलाय.
दीडशे शब्द फाडून एकच ओळ लावलीय:
'ही मापं निवण्याच्या आधीची आहेत.'
ती बरी आहे का, माहीत नाही.
लेबल चार बदललं नाही.
मांडीवर सतरावा नग, हातात पॉलिश पेपर,
जी कड कधीच वाळूत जाणार नाही
तिला उतार देत बसलेय.