कलम

मे महिना. कुलर, आणि वाळ्याच्या ताटीचा वास,
सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कचेरीत
एवढंच काय ते हिरवं.
शालिक नासरे आले. पिशवीत चार संत्री,
ओल्या पोत्यात गुंडाळलेली एक काडी,
धाकट्या मुलीनं छापून आणलेला अर्ज.

मे महिन्यात संत्री?
मृग बहार संपून महिना झाला होता.
"हाच त्याचा गुन आहे, बाई," ते म्हणाले,
"सगळे गेल्यावर येते."

या टेबलावर आधी यंत्रं यायची :
शेंगा फोडायची चकती, न गळणारा नळ.
तेव्हाचा कायदा म्हणायचा, झाडाला पेटंट नाही.
मग दोन हजार एक साल आलं.
टेबल तेच राहिलं. हिरव्या फायली वाढल्या.

मी विचारत गेले.
वाण भिन्न आहे का? हो.
एकसमान? "एकसमान तर माह्या दोन पोरीबी नाईत."
स्थिर? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
जिथे वाऱ्यात काहीच स्थिर नव्हतं.
"जात?"
ते थांबले.
"संत्र्याची, का माही?"
मी पेन खाली ठेवलं, पाणी मागवलं.

वर संत्रं, खाली जंबेरीचा खुंट :
"खुंटाचं नाव कोनत्या रकान्यात, बाई?
सारं पानी तोच ओढते."
खुंटाला रकाना नव्हता.

मी म्हटलं, घाबरू नका,
कलम एकोणचाळीस तुमच्याच बाजूचं.
राखा, लावा, वाटा, शेजाऱ्याला द्या.
"कलम आमीबी करतो.
आमच्या कलमाले आधी एक जखम लागते
अन् दुसऱ्याचं मूळ."

मग कळलं, पहिला डोळा त्यांचा नव्हताच.
अजनीला, रेल्वे क्वार्टरांच्या मागे,
जैबूनबीच्या अंगणातलं झाड.
ती संत्रा मार्केटात फळं निवडायची,
बोटांनी साल दाबून गोडी सांगायची.
तिनं काडी दिली, वर एक चहा दिला.
कागद दिला नाही. कागद कोण देतं काडीबरोबर?
"तिचंबी नाव लिहा."
ती आहे का?
"नाई."
झाड?
"मेट्रोचा खांब आहे तिथं आता."

मी लिहिलं. अर्जदार : शालिक नासरे
आणि, पुढच्या ओळीत, ओळ नसताना, जैबूनबी.
मातृवृक्षाचा पत्ता : वर्धा रोड, खांबाच्या क्रमांकासह.
मिळालं तर अठरा वर्षं संरक्षण, मी सांगितलं.
"अठरा वर्षांत तं झाडच म्हातारं होते,"
ते हसले, "अन् मी?"

जाताना नळाजवळ थबकले.
भिंतीच्या कडेला एक जंबेरी उगवली होती,
कुणीतरी थुंकलेल्या बीमधून,
कोणत्याच फायलीत नसलेली.
खिशातून चाकू. सालीत उलट्या टी सारखी चीर.
काडीवरचा डोळा अलगद काढून आत सरकवला,
झोपलेल्या पोराचा हात गोधडीत घालावा तसा.
"ह्या दिवसात धरत नाई कोनताच. हा धरते."
बांधायला काही नव्हतं.
मी त्यांच्याच फायलीची लाल फीत सोडून दिली.

वीस दिवसांनी वरून पत्र आलं. त्रुटी तीन :
मातृवृक्ष प्रत्यक्ष दाखवावा.
मृत व्यक्ती अर्जदार असू शकत नाही.
फाईल नियमानुसार बांधलेली नाही.

मी उत्तराचं पहिलं वाक्य जुळवत होते,
उपरोक्त विषयान्वये, सविनय,
तेवढ्यात आमचा शिपाई चंद्रभान धावत आला :
"म्याडम, म्याडम, डोळा फुटला!"
आणि मी घाबरून उठले, क्षणभर,
कुणाचा, कुणाचा म्हणत.