अकरा खिशांचं जाकीट

एवारिस्तो आत आला तसा वाराही आत आला,
कागदी नमुने टेबलावरून उडाले.
पुंता अरेनासमध्ये दार उघडलं की
एकटा माणूस कधीच आत येत नाही.

काउंटरवर त्याने जाकीट टाकलं.
मीच शिवलेलं, सव्वीस वर्षांपूर्वी,
जमिनी मोजत हिंडणाऱ्या एका तरण्या पोरासाठी.
"नेलिदा, खिसे बुजवून टाक.
एकच ठेव. डावा, छातीवरचा."
आणि साबणाच्या वडीएवढी काळी चकचकीत चीज दाखवली.
"सगळं ह्यात आलं."

सगळं म्हणजे काय ते मला विचार.
कॅमेऱ्याच्या खिशाला दुहेरी अस्तर,
कारण थंडीने त्याचं बटण गोठायचं.
रेडिओच्या खिशाला तळाशी काज, वायर बाहेर काढायला.
कॅल्क्युलेटरचा तिरका, हा डावखुरा म्हणून;
तो मी दोनदा उसवला.
पेजरचा मागाहून जोडला.
गावाची वेस ओलांडली की पेजर मुका,
तरी खिसा हवाच, कंपनीने दिलाय म्हणे.
टॉर्चचा लांबोडका. टेपरेकॉर्डरचा चौकोनी,
म्हाताऱ्या मेंढपाळांकडून ओढ्यांची नावं
भरून घ्यायचा त्यात.
आणि विटेएवढं जीपीएस आलं तेव्हा
मी म्हटलं होतं, होकायंत्राचा काढू का आता?
नको, म्हणाला.
असू दे दोघं शेजारी शेजारी.

आता मात्र त्याला काही वाटत नव्हतं.
उलट खांदा गोल फिरवून दाखवला,
"बघ, वर जातो. दहा वर्षांनी जातोय."
त्यावर मी काय बोलणार?
ओझं मी शिवलं होतं, वाहिलं त्याने.

तो खुर्चीत बसून वडीत डोकावू लागला.
वडीने हवामान सांगितलं, मग तिच्यातून त्याची मुलगी बोलली,
मग ती आरसा झाली, त्याने दात पाहिले,
माझ्या हातून सुई पडली तर लगेच दिवा झाली.
सुई सापडली.
खोटं कशाला बोलू, छान उजेड होता.

मी उसवत गेले. खिशांच्या कोपऱ्यांतून
वाळू, साखरेची पुडी, पेन्सिलीचं बूड,
एका कॅसेटचं लेबल: इर्माचा ओढा, दोन्ही बाजू.
"कोण ही इर्मा?"
"आठवत नाही. टेपवर असेल."
"टेप कुठंय?"
त्याने वडीकडे पाहिलं.
वडी काही बोलली नाही.

एक ना धड भाराभर चिंध्या, म्हणतात ना.
त्याच्याकडे आता एक धड होतं,
चिंध्या माझ्याकडे: नऊ झाकणं, सात बटणं,
गंजलेल्या दोन चेनी.
डब्यात ठेवल्या. असल्या वस्तू कुणी फेकतं का?

बिल नऊ खिशांचं केलं.
त्याने मोजलं नाही. पैसेही वडीनेच दिले,
टिंग करून.

मी काचेतून बघत राहिले.
चौकात वाऱ्यापासून आधाराला दोरी बांधलीय,
ती त्याने डाव्या हाताने धरली.
उजवा हात चाचपडत खाली गेला,
जिथे होकायंत्र असायचं तिथे,
जरा थांबला,
आणि मनगटापर्यंत दिसेनासा झाला.