शिवण

सुभाषनगरात आमच्या दारात कातडं वाळायचं,
बाभळीच्या सालीत कमावलेलं,
आणि आत मी चपलांच्या वेण्या घालायचे.
सात पदरी. डोळे मिटूनसुद्धा जमायची.

पहिली फिट आली तेव्हा चौदावं लागलं होतं.
कुणीतरी ओरडलं, चप्पल हुंगवा!
आमच्या घरात चपलेला काय तोटा.
ऑर्डरीचा कापशी जोड तयार होता,
अजून कुणाच्याच पायात न गेलेला,
तो लावला नाकाला.
शुद्ध आपली आपण आली.
नाव मात्र चपलेचं झालं.

पुढं पुढं ती नेमकी शिवायचं नसायचं तेव्हाच येऊ लागली.
मी कोपऱ्यात, वाकळ वेगळी, तांब्या वेगळा,
आणि चिंगूआत्तीचा हात अर्ध्यातच थांबलेला.
मग तिनं चप्पल पायानंच सरकवली
माझ्या तोंडापर्यंत.
अख्खं घर शिवून शिवून पोट भरणारं,
आणि त्या चार दिवसांत
मला कुणी शिवायचं नाही.

आई म्हणायची, आवस आली की येतं तुला.
मी मोजलं. आवस चुकायची.
खिळ्यावरच्या कॅलेंडरात, दुधाच्या रतिबाखाली,
पाळीला टिंब, फिटीला फुली.
टिंबाच्या आदल्या दिवशी फुली.
टिंबावरच फुली.
चैत्रात एक फुली भलतीकडेच,
ती मला अजून कळलेली नाही.

सीपीआरला सहा वर्षांत सगळ्यांनी विचारलं,
गोळी चुकली काय, जागरण झालं काय,
लग्नाचं बघताय काय.
पाळीचं कुणी नाही.
शेवटी अकरा पानं फाडून, गुंडाळी करून नेली.
कणकवलीकडची नवी डॉक्टर होती,
पेनाच्या टोपणानं एकेक फुली मोजत गेली,
मागं रांग खोकत होती.
म्हणाली, पाळीच्या तोंडावर
अंगातलं एक संप्रेरक झपकन उतरतं,
झटके आवरून धरणारं.
म्हटलं, म्हणजे वादी सैल होते.
तिनं वर बघितलं. म्हणाली, तसंच.
त्या दिवसांपुरती अर्धी गोळी वाढवली.

कमी झाल्यात. गेल्या नाहीत.

परवा आली, टिंबाच्याच दिवशी.
डोळे उघडले तर मी कुशीवर वळवलेली,
डोकं चिंगूआत्तीच्या मांडीवर,
तिची खळ लागलेली बोटं माझ्या केसांत.
म्हटलं, शिवलीस की गं आत्ती.
"गप पड. करीन आंघोळ."

दिवे लागेपर्यंत बघत होते मी.
न्हाणीकडं काही गेली नाही.
माझी अर्धी राहिलेली वेणी घेऊन
दारात बसली होती,
कातड्यावर बसणाऱ्या कुत्र्याला हाड हाड करत.